धिंगरीची खोली आणि जमिनीवरचा बोर्ड

रत्नागिरीतली पावसाळी हवा धिंगरी अळिंबीला छान मानवते. 20 ते 30 अंश तापमान आणि 80 टक्क्यांच्या वर दमटपणा, एवढीच तिची मागणी. पाऊस सरला की मात्र तीच हवा खोलीत मुद्दाम तयार करावी लागते. मग फॉगर येतो, पंखा येतो, एलईडीची पट्टी येते आणि या सगळ्यांसाठी एक एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर येऊन बसतो.

गोम त्या बोर्डातच आहे. भिंतीवरचा स्विचबोर्ड चार-साडेचार फुटांवर असतो, रांगत्या मुलाचा हात तिथे पोचत नाही. एक्स्टेन्शन वीज थेट त्याच्या पुढ्यात आणून ठेवतो. खोलीत सांडलेलं पाणीही तिथेच ओघळतं.

चांगल्या प्रतीच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये आत झडप असते. अर्थिंगची लांब पिन आधी आत शिरते आणि झडप उघडते. पण अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा निघाला की वरच्या भोकात पेन खुपसायचं, ही घरोघरची युक्ती! तीन वर्षांचं पोर ती नीट बघत असतं.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. एमसीबी वायरिंगला जपतो, माणसाला नव्हे. 6 अँपिअरचा एमसीबी त्याहून कमी प्रवाहाला हलत नाही, आणि जीव जायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. माणसासाठी लागतो तो गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी; 30 मिलिअँपिअर म्हणजे 6 अँपिअरचा दोनशेवा भाग. पावसात तो सारखा पडतो म्हणून काही जण वायरमनकडून बायपास करून घेतात. वास्तविक तो पडतो तेव्हा कुठेतरी ओल शिरल्याचंच कळवत असतो. त्यावरचं ‘टी’ बटण अधूनमधून दाबून तो पडतो ना, हे बघायला पैसे पडत नाहीत.

छोटे फॉगर बहुधा 24 व्होल्टवर चालतात, एलईडीच्या पट्ट्या 12 वर. त्यांचे अ‍ॅडॉप्टर उंच फळीवर ठेवावेत, म्हणजे 230 व्होल्ट वरच राहतात. पाण्याजवळ येणारी वायर आधी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे थेंब झोलावरून गळतो, सॉकेटात उतरत नाही.

जांभ्याच्या सड्यावरच्या घरांनी अर्थिंगही तपासून घ्यावं. एप्रिल-मेमध्ये जमीन वाळली की ते कमजोर पडतं. तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं.