जनुकाचा प्रक्षेप आणि त्याची पाठतपासणी

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सिल्वासाहून आलेल्या मराठीच्या अध्यापकाने या व्यासपीठावरून जनुकाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. मला मात्र हा विषय परका वाटत नाही. मूळ ग्रंथात नसलेला मजकूर त्यात कोठे आणि कोणत्या वाटेने शिरला, हे शोधणे हा आम्हा भाषेच्या अभ्यासकांचा जुना उद्योग आहे. अशा मजकुराला आपण प्रक्षेप म्हणतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक महाभारताच्या पोथ्यांची तुलना चालली, तीही याच शोधासाठी. जीवशास्त्रज्ञ हेच काम दोन अंगांनी करतात. ते जाणूनबुजून प्रक्षेप करतात आणि मग तो हवा तसाच झाला की नाही हे तपासतात. यातील दुसऱ्या अंगाविषयी मला आज विशेष बोलायचे आहे.

प्लास्मिड म्हणजे जीवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्रापासून वेगळे राहणारे, बहुधा कड्यासारखे वाटोळे असे डीएनएचे छोटे सूत्र. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दिले. जीवाणू वाढतो, दुभंगतो, तेव्हा प्लास्मिडच्याही नकला होतात. त्यात एखादे परके जनुक जोडले, तर जीवाणू त्याचीही नक्कल करीत राहतो. जणू न थकणारा लेखनिकच! स्टॅन्ले कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ मध्ये ही किमया साधून दाखवली.

कृती अशी. रिस्ट्रिक्शन एन्झाइम नावाची प्रथिने डीएनएमधील ठरावीक अक्षरक्रम ओळखून तेथे छेद देतात. ईकोआरवन हे एन्झाइम जी-ए-ए-टी-टी-सी हा क्रम ओळखते. गंमत अशी की, समोरच्या जोडसूत्रावर उलट दिशेने वाचले तरी हीच सहा अक्षरे मिळतात. आपल्या विलोमकाव्याची येथे आठवण व्हावी. एकाच एन्झाइमने प्लास्मिड आणि हवे ते जनुक कापले की दोन्हींची टोके परस्परांशी जुळतात. मग लायगेज हे दुसरे एन्झाइम त्यांना सांधते, आणि तयार झालेले कडे जीवाणूत सोडले जाते.

प्रक्षेप झाला; पण झाला म्हणजे बरोबर झाला असे नाही. कापलेले कडे पुष्कळदा जनुक न घेताच पुन्हा मिटते. म्हणून प्लास्मिडवर प्रतिजैविकाला दाद न देणारे एक जनुक ठेवलेले असते आणि जीवाणू त्या प्रतिजैविकावर वाढवतात. ज्यांच्यात प्लास्मिड गेले तेच जगतात. पण त्या प्लास्मिडमध्ये आपले जनुक आहे की नाही, हे एवढ्याने कळत नाही. त्यासाठी रंगाची खूण वापरतात. प्लास्मिडमधील एक विशिष्ट जनुक अखंड असेल तर वसाहत निळी दिसते. त्याच्या मध्यावर परका तुकडा बसला तर ती पांढरी राहते. पांढरी वसाहत हीसुद्धा केवळ आशा होय, पुरावा नव्हे. मग त्या वसाहतीतून प्लास्मिड काढून पुन्हा कापतात आणि अगरोजच्या थरातून विजेच्या साहाय्याने तुकडे सरकवतात. लहान तुकडा पुढे जातो, मोठा मागे रेंगाळतो. त्यावरून तुकड्याची लांबी समजते. जनुक उलटे बसले आहे काय, हेही योग्य ठिकाणी छेद देऊन पाहता येते. शेवटी अक्षरन्‌अक्षर वाचावे लागते. ती पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये सिद्ध केली. एका अक्षराच्या फरकाने प्रथिन निकामी होऊ शकते, मग लांबी कितीही जुळो.

आपल्या दादरा-नगर हवेलीतील आरोग्यकेंद्रांत बाळांना जी पेंटाव्हॅलंट लस टोचतात, तिच्यातील हिपॅटायटिस-बीचा अंश असाच तयार होतो. विषाणूचे एक जनुक प्लास्मिडवरून यीस्टमध्ये नेऊन त्याचे प्रथिन बनवून घेतात. तेव्हा ही तपासणी प्रयोगशाळेपुरती राहत नाही. ती आपल्या नातवंडांच्या मांडीपर्यंत येऊन पोहोचते.

ती शेतापर्यंतही पोहोचते. २००२ च्या मार्चमध्ये जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी कपाशीच्या संकरित वाणांना केंद्र सरकारच्या समितीने परवानगी दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे क्राय-वन-एसी हे जनुक त्यात होते. त्याचे प्रथिन बोंडअळीला मारक ठरते. पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने बिकानेरी नरमा या सरळ वाणात बीटी जनुक आणण्याचे काम हाती घेतले. सरळ वाणाची सरकी घरी राखून पुढच्या वर्षी पेरता येते. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट होती! २००८ मध्ये या वाणाला मान्यता मिळाली आणि २००९ च्या हंगामात बियाणे शेतकऱ्यांच्या हाती गेले.

ते पुढे चालू शकले नाही. त्या बियाण्यात मॉन्सॅन्टो कंपनीच्या 'मॉन ५३१' या प्रक्षेपाची खूण आढळली आणि विक्री थांबवावी लागली. सुधीर सोपोरी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीच्या २०१२ च्या अहवालातही ती खूण नोंदली गेली.

ही खूण पटते कशी? जनुकाचे नाव तर दोन्हीकडे एकच. येथे पाठचिकित्सक आणि जीवशास्त्रज्ञ अगदी शेजारी येऊन बसतात. वनस्पतीच्या गुणसूत्रांत परके जनुक नेमके कोठे बसेल हे आधी ठरलेले नसते. म्हणून प्रत्येक प्रक्षेपाच्या दोन्ही बाजूंची अक्षरे निराळी असतात. एखादी ओवी कोणत्या दोन ओव्यांच्या मध्ये शिरली आहे, हे पाहून आपण जशी पोथीची शाखा ओळखतो, तसेच जनुक आणि त्याच्या शेजारचा मजकूर यांचा सांधा वाचून प्रक्षेपाचे कूळ ओळखले जाते.

ती खूण बियाण्यात कशी आली, याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. मला एवढेच दिसते की प्लास्मिडमधील जनुक तपासले म्हणून रोपातील तपासले असे होत नाही, आणि रोपातील तपासले म्हणून पोत्यातील सरकी तपासली असेही होत नाही. प्रत्येक नकलेबरोबर पाठ बिघडण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक नकलेनंतर वाचन हवे, आणि ते बियाणे शेतकऱ्याला देण्यापूर्वी हवे. येथे ते उशिरा झाले. त्याची किंमत त्या शेतकऱ्याने मोजली, ज्याला स्वतःची सरकी राखण्याची आशा दाखवली गेली होती.

अशा वेळी सामान्य वाचकाने काय करावे? निदान योग्य प्रश्न विचारावा. यात काय घातले आहे? ते कोणी वाचून पाहिले? कोणत्या टप्प्यावर? हे प्रश्न मराठीत विचारता यावेत म्हणून १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद झटते आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली १९७६ पासून निघू लागलेल्या मराठी विश्वकोशाच्या खंडांनी विज्ञानाची परिभाषा आपल्या घरात आणली. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या संस्थेने दुसऱ्या शतकात विज्ञानाचे कपाट वाचकाच्या हाताशी ठेवावे आणि त्यातील नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी आणाव्यात, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.