पार्ल्याच्या वेशीवरचा विमानतळ : स्वागताध्यक्षीय भाषण



विमानतळ आणि शहराचे अर्थकारण या विषयावरची परिषद पार्ल्यात भरते आहे, याचा पार्लेकर म्हणून मला मनापासून अभिमान वाटतो. स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे हार्दिक स्वागत.

भारतीय नागरी विमानसेवेचा पाळणा इथून हाकेच्या अंतरावर हलला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, मग ही सेवा पुण्याला हलवावी लागे. दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझला लष्करी धावपट्टी झाली आणि युद्धानंतर तिथेच मुंबईचा मुख्य विमानतळ उभा राहिला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाच्या ‘मलबार प्रिन्सेस’ने मुंबईहून लंडनकडे झेप घेतली. पुढे ईस्ट इंडियन समाजाच्या सहार गावठाणाशेजारी त्याच विमानतळाचे आंतरराष्ट्रीय टर्मिनल आले.

या विमानतळाचे मोल नुसत्या प्रवासीसंख्येवरून कळत नाही. हापूसचेच पाहा. देवगडच्या बागेत तोडणी होते, प्रतवारी होते, पेट्या भरून ट्रक रातोरात वाशीला येतो. अमेरिकेला जायचा आंबा विकिरण प्रक्रियेतून जातो आणि सहारच्या मालवाहतूक विभागात पोहोचतो. फळ नाशवंत, विमान चुकले तर बागायतदाराचा हंगाम बुडतो. बागेतला गडी, ट्रकचालक, हमाल, सीमाशुल्क दलाल अशा कितीतरी घरांची चूल त्या एका विमानावर पेटते.

पण सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. चहूबाजूंनी वस्ती, विस्ताराला जागा नाही. त्यामुळेच नवी मुंबईचा विमानतळ उभारावा लागला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी दहा गावांनी घरदार सोडले, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला. भूमिपुत्रांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले.

म्हणून माझी अभ्यासकांना कळकळीची विनंती आहे. विमानतळाचा ताळेबंद मांडताना जमीन देणाऱ्यांचा आणि पेटी उचलणाऱ्यांचा वाटा पहिल्या ओळीत लिहा. त्यांच्या पदरात काय पडले, यावरच विकासाचे खरे मोजमाप ठरेल.