पूर्वपक्षाचे ऋण
(नंजनगूड येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



वादविवादासाठी मुलांची तयारी करून घेण्यात माझी बरीच वर्षे गेली. आज एका विषयाच्या बाजूने बोललेल्या विद्यार्थ्याला उद्या त्याच विषयाविरुद्ध उभे करावयाचे, ही माझी पद्धत. एका पालकांनी मला विचारले होते, "मास्तर, मुलांना खोटे बोलावयास शिकवता काय?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

आपण कपिलातीरी, श्रीकंठेश्वराच्या सान्निध्यात जमलो आहोत. याच जिल्ह्यातील बन्नूर हे व्यासतीर्थांचे जन्मस्थान. १६ व्या शतकात त्यांनी 'न्यायामृत' ग्रंथात अद्वैताचे खंडन केले. परंतु त्याआधी अद्वैत्यांचे म्हणणे इतक्या नेमकेपणाने मांडले, की मधुसूदन सरस्वतींना 'अद्वैतसिद्धी' लिहून त्याला मुद्द्यागणिक उत्तर द्यावे लागले. पूर्वपक्ष दुबळा करून मिळवलेला जय हा जय नव्हे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचे खंडन करीत राहणे ती वितंडा. शालेय स्पर्धांत बहुधा जल्पच चालतो. ढालीच्या मोहाने मीही कित्येक वर्षे तोच शिकवला.

एकदा विषय होता, 'परप्रांतातील मराठी कुटुंबाने घरात मराठीच बोलावे.' आजीच्या मांडीवर मराठी शिकलेल्या एका मुलीच्या चिठ्ठीत विरुद्ध बाजू निघाली. ती रडकुंडीस आली. मी म्हटले, "बाळ, आधी लिहू नकोस. ज्यांच्या घरातून मराठी गेली, त्यांच्याकडे जाऊन ये." ती एका घरी गेली. तेथील सूनबाई कन्नडभाषक. सासरच्या पंगतीत आपण कित्येक वर्षे मुक्यासारख्या बसलो, असे त्यांनी तिला सांगितले. मुलीने सभेत एवढेच सांगितले आणि सभागृह स्तब्ध झाले. तिने मराठी सोडली नाही. मात्र त्यानंतर प्रत्येक मेळाव्यात ती अशा सुनांच्या शेजारी बसून त्यांना अर्थ सांगू लागली.

माझे नियम तीनच. बाजू चिठ्ठीने ठरावी. प्रतिपक्षाचे म्हणणे असे मांडावे, की त्यानेच "होय, मला हेच म्हणावयाचे होते," असे म्हणावे. आणि वाद संपल्यावर प्रत्येकाने आपले खरे मत कारणांसह वहीत लिहावे. खोटे हे फसविण्यासाठी बोलले जाते. येथे बाजू वाटून दिलेली आहे, हे सर्वांस ठाऊक असते, आणि शेवटी स्वतःच्या मताशी प्रत्येकाची गाठ पडतेच.

एक मर्यादाही आहे. माणसाच्या समान प्रतिष्ठेला दोन बाजू नाहीत. अस्पृश्यतेचे समर्थन करावयास कोणत्याही मुलास उभे करू नये. ती इतकी शतके कशी टिकली, हे इतिहासाच्या तासाला शिकवावे.

मंडळी, आपल्या बैठकांतही पन्नास वर्षे खडाजंगी झालीच असेल. रागावून उठून गेलेले आणि पुन्हा न आलेले एखादे नाव आज आपल्यातील कोणाला तरी आठवत असेल. त्यांचे म्हणणे आपण त्यांच्या समाधानापुरते तरी ऐकले होते काय? सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण त्या घरीही जावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.