बटाट्याची कोशिंबीर

 

बटाटा काही आपल्या मातीतला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला. आपल्याकडे तो पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला, नावही त्यांच्याकडचंच. आता मात्र एकादशीचं ताट त्याच्यावाचून सजत नाही!

आपल्या खटाव तालुक्यात, पुसेगावच्या बाजूला, पावसाळ्यात बटाटा लावतात आणि दसऱ्याच्या आगेमागे काढतात. तेव्हा आषाढीला सातारा-सांगलीच्या बाजारात मिळतो तो बहुधा साठवणीतला जुना, आणि नवरात्रात नवा. जुना पिठूळ असला तर वड्याला चांगला, कोशिंबिरीत मात्र त्याचा लगदा होतो. पातळ सालीचा नवा बटाटा फोड धरून ठेवतो.

कोशिंबीर बिघडते ती दह्यानं नव्हे, उकडण्यानं. बटाटे सारख्या आकाराचे घ्या. धुऊन, सालीसकट, गार पाण्यात घाला आणि मग चुलीवर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकले तर वरून फुटतात नि आत कच्चे राहतात. उकळी आली की जाळ कमी करा. मध्यम बटाट्याला 20 ते 25 मिनिटं पुरतात. सुरीचं टोक सहज आत गेलं की लगेच उपसून ताटात पसरा. साल कोमट असताना सोला, फोडी गार झाल्यावर करा. दहीही तेव्हाच घाला, गरम फोडींवर घातलं तर त्याला पाणी सुटतं. वर दाण्याचं कूट, मीठ आणि तुपातली जिरं-मिरचीची फोडणी.

एकदा मी घाईनं कच्च्या फोडींवर लिंबू पिळून त्या शिजत टाकल्या. किती जाळ घातला तरी फोडी आपल्या कचकचीतच! आंबटानं बटाटा लवकर मऊ पडत नाही, हे त्या दिवशी कळलं.

आता गुरुजी, एवढं नीट ऐका. हिरवट पडलेल्या बटाट्यात विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते उकडून जात नाही. मुलांना उलट्या होतात, पोटात कळा येतात. मोड आणि थोडासा हिरवा भाग असेल तर तो जाडसर कापून काढा. फार हिरवा किंवा कडू लागणारा बटाटा सरळ टाकून द्या, पैशाकडे पाहू नका. उजेडानं बटाटा हिरवा पडतो. शाळेच्या कोठीत गोणी खिडकीखाली असेल तर ती आजच अंधाऱ्या, कोरड्या कोपऱ्यात हलवा आणि वर गोणपाट टाका.