निकालपत्रात न मावणारं वर्ष



परिचर्या महाविद्यालयांच्या परिषदेसाठी आज तुम्ही सारे भिवंडीत आला आहात.

तुमच्यातले बरेच जण अंजूरफाट्याकडून आले, काही कल्याण नाक्याकडून. कंटेनरच्या रांगेत थांबल्याशिवाय या गावात कुणाचा प्रवेश होत नाही. निम्म्या देशाच्या घरी पोचणारा माल आमच्या तालुक्यातल्या गोदामांतून हलतो आणि शहरात शिरलं की मागांचा खडखडाट सुरू होतो. बाहेरच्या माणसाला इथे पहिल्या रात्री झोप लागत नाही. आम्हाला वीज गेली आणि माग थांबले की जाग येते. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. त्यात आगरी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, मोमीन आहेत, पद्मानगरात तेलुगू बोलणारे विणकर आहेत, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले हजारो कामगार आहेत. एका गल्लीत चार भाषा बोलाव्या लागतात, आणि आरोग्याच्या कामाची इथली पहिली अडचण तीच आहे.

मी इथल्याच कामतघरची. सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून याच शहरातल्या वस्त्यांमध्ये नोकरी केली आणि इथूनच निवृत्त झाले. स्वागताध्यक्षाची खुर्ची एरवी एखाद्या शेठजींकडे नाहीतर लोकप्रतिनिधींकडे जाते. संयोजकांनी यंदा ती एका सिस्टरला दिली, याचा मला अभिमान वाटतो. त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

दुपारच्या सत्रात प्रत्येक महाविद्यालय आपल्या शैक्षणिक वर्षाचा आढावा मांडणार आहे. तुमचे अहवाल आधीच संयोजन समितीकडे आले होते; मी ते वाचून काढले. बी.एस्सी.चे निकाल, विद्यापीठातली पदकं, नवी सिम्युलेशन लॅब, स्तनपान सप्ताहातली पथनाट्यं, १२ मेचा दीपप्रज्वलनाचा सोहळा, जर्मन भाषेचे वर्ग. महाराष्ट्राने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून तिकडे जायची ओढ लागलेल्या मुलामुलींची संख्या वाढते आहे. या सगळ्याचं मला मनापासून कौतुक आहे. आपल्या लेकी विद्यापीठाची पदवी घेऊन परिचर्या करतात, ही गोष्ट आपसूक झालेली नाही.

रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं आणि विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणारी बाई म्हणून त्या मुलींना काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची कल्पना करा. परिचर्येतली पदवी या देशात १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोरला सुरू झाली. मुंबईत कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने, म्हणजे एसएनडीटीने, १९६४ साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढलं. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि राज्यभरातली बहुतेक महाविद्यालयं एका छत्राखाली आली. २०२१-२२ पासून बी.एस्सी.ला आठ सत्रांची पद्धत लागू झाली. १९४७ च्या कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. एवढा पल्ला गाठल्यावर निकालपत्र मिरवलंच पाहिजे. जरूर मिरवा.

पण अहवाल वाचताना माझा शोध वेगळा होता. या वर्षी तुमच्या मुलींच्या हातून कोणता रुग्ण बरा झाला? कोणाला बेडसोअर झाला नाही? कोणत्या वस्तीतलं लसीकरण पुढे सरकलं? वर्षाची खरी कमाई ही आहे असं मी मानते, आणि ती अहवालात जवळजवळ कुठेच सापडली नाही. काम झालेलंच नाही, असं मी म्हणत नाही. झालेलं काम कुणी लिहून ठेवत नाही.

मुंबईच्या केईएमचंच बघा. अरुणा शानबाग ही त्या रुग्णालयातली परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला ती गेली. मधली ४१ वर्षं वॉर्ड नंबर ४ शेजारच्या खोलीत केईएमच्या सिस्टर्सनी तिला सांभाळलं. ज्यांनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या, मग पुढच्या आल्या, त्यांच्याही पुढच्या आल्या. यातल्या कितीतरी जणींचा तिच्यावरच्या हल्ल्याच्या वेळी जन्मही झाला नव्हता. तिच्या अंगाला बेडसोअर नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठ पुसायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, भरवायचं, तोंड पुसायचं. रात्रीच्या पाळीत, दिवाळीत, संपाच्या दिवसांतही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात या परिचारिकांचं तोंड भरून कौतुक केलं. आता सांगा, त्या ४१ वर्षांतल्या कोणत्याही एका वर्षाच्या अहवालात हे काम कोणत्या रकान्यात बसलं असतं?

आता माझ्या गावाकडे येते. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मालेगावात आणि आमच्याकडे गोवर पसरला. मुलं दगावली. सरकारने नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाचा जादा डोस द्यायचं ठरवलं. डिसेंबर आणि जानेवारी अशा दोन फेऱ्या झाल्या. त्या दिवसांत माझ्याबरोबर एका एएनएम शाळेची विद्यार्थिनी होती. शांतीनगरच्या एका चाळीत आम्ही दार वाजवलं. मांडीवर दहा महिन्यांचं बाळ घेतलेली आई दारातूनच म्हणाली, "बुखार आ जाएगा, इसके अब्बा गुस्सा करेंगे." नवरा रात्रपाळी करून आत झोपला होता. या मुलीने वाद घातला नाही. बाहेर उंबऱ्यावर बसली, बाळाचे डोळे पाहिले, कार्डावरच्या आधीच्या नोंदी वाचून दाखवल्या, ताप आलाच तर कोणतं औषध किती द्यायचं ते सांगितलं आणि संध्याकाळी स्वतः येऊन बघून जाईन असा शब्द दिला. बाईने बाळ पुढे केलं.

आता पेच असा होता की पिशवीत नवीन कुपी होती. ही लस पावडरच्या रूपात येते. सोबतच्या द्रावणात ती मिसळली की चार तासांत वापरायची, उरली तर टाकून द्यायची. कुपीत अनेक बाळांचे डोस आणि समोर बाळ एकच. नियम आहे, एका मुलासाठीसुद्धा कुपी उघडायची. तिने उघडली, कुपीवर वेळ लिहिली, उजव्या दंडावर लस दिली. मग बर्फाची पिशवी खांद्याला लावून निघाली आणि त्या चार तासांत आसपासच्या गल्ल्या दार वाजवत पालथ्या घातल्या, कारण उघडलेली कुपी वाया जाऊ द्यायची नव्हती. संध्याकाळी ती खरंच पहिल्या घरी परत गेली. दुसऱ्या दिवशी त्याच बाईने आपल्या दोन जावांना मुलं घेऊन केंद्रावर पाठवलं.

या मुलीला त्या वर्षी पदक मिळालं नाही. तिच्या शाळेच्या अहवालात त्या दिवसाची नोंद "क्षेत्रभेट : एक दिवस" अशी असेल. पण भिवंडीच्या लेखी त्या शाळेचं ते वर्ष सोन्याचं होतं.

म्हणून यजमान या नात्याने माझं एक मागणं आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्येच्या पोस्टिंगसाठी तुमच्या मुलामुलींना भिवंडीत पाठवा. इथे शिकण्यासारखं फार आहे. मागावरचा कामगार बारा तास उभा असतो. छातीत कापसाची धूळ जाते, कानावर खडखडाट आदळत असतो. जेवतो भिस्सीत, म्हणजे खानावळीत; एकाच खोलीत पाळीपाळीने दहा-दहा माणसं झोपतात. त्यातल्या एकाला क्षय निघाला तर सहा महिन्यांची औषधं तो कुठे ठेवणार, भिस्सीवालीला काय सांगणार, सणाला गावी गेल्यावर गोळ्या चुकू नयेत म्हणून कोण पाठपुरावा करणार? पुस्तकात हा धडा एका परिच्छेदाचा आहे. इथे तो जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जाऊन शिकावा लागतो. पद्मानगरच्या आजीला मधुमेहाचा आहार तेलुगूत समजावणारी मुलगी तुमच्या वर्गात असेल, तर तिला इथे राणीचा मान मिळेल.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलते. विद्यार्थी पाठवा म्हणजे कामाला हात पाठवा, असा याचा अर्थ नाही. मी स्वतः शिकत असताना एका रुग्णालयात रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात आम्हा दोघी विद्यार्थिनींना सोडून दिलं जायचं. शिकवायला कुणी नसायचं, विचारायलाही कुणी नसायचं. सलाईन संपत आलं की पोटात गोळा यायचा. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं, अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक. हे प्रमाण प्रत्यक्षात किती वॉर्डांत दिसतं ते तुम्ही सगळे जाणता. रिकाम्या जागा भरण्याचं काम सरकारचं आणि व्यवस्थापनाचं आहे. ती तूट विद्यार्थ्यांच्या पाळ्यांनी भरून काढली तर आपण त्यांचं शिक्षणही बुडवतो आणि रुग्णालाही धोक्यात घालतो. पाठ्यनिर्देशिका सोबत असतील, तरच मुली पाठवा. त्यांच्या राहण्याची सोय करायला आमची समिती तयार आहे.

आणि आमच्या मुली तुमच्याकडे घ्या. या शहरात बारावी सायन्सला चांगले गुण मिळवणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. सीईटीचा फॉर्म कसा भरायचा, शिष्यवृत्ती कोणती मिळते, वसतिगृह कसं असतं, हे घरी सांगणारं कुणी नसतं. रात्रपाळीच्या नावाने आई-बाप घाबरतात. त्यांच्या घरी जाऊन बोलायला मी आणि माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर्स येऊ. या शहराला आपल्याच मुली सिस्टर म्हणून का हव्यात, तेही सांगते. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, जवळपास चाळीस जीव गेले. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांना त्यांच्या भाषेत नाव विचारणारं, कुणाचं कोण सापडलं ते नातेवाइकांना सांगणारं माणूस त्या दिवशी हवं होतं. गावची मुलगी त्या जागी असली की तिला गल्ल्या माहीत असतात, घरं माहीत असतात.

दुपारी तुम्ही अहवाल मांडाल तेव्हा समितीने प्रत्येकाला पाच मिनिटं जादा ठेवली आहेत. त्या पाच मिनिटांत निकाल नको. या वर्षातला एक रुग्ण किंवा एक घर निवडा, आणि त्या विद्यार्थ्यालाच बोलू द्या. त्या नोंदी एकत्र करून आम्ही पुस्तिका छापणार आहोत. रुग्णाचं नाव-गाव त्यात येणार नाही याची काळजी घेऊ.

आता थोडं व्यवस्थेचं. दुपारच्या जेवणाला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं आहे. आमच्या बचत गटाच्या बायका पहाटेपासून खपत आहेत, पोटभर जेवा. उद्या सकाळी ज्यांना वस्तीभेटीला यायचं आहे त्यांनी चहाच्या टेबलाजवळ नाव नोंदवावं. बस साडेआठला सुटेल, कारण रात्रपाळी संपवून माणसं तेव्हा घरी आलेली असतात आणि झोपण्याआधी बोलायला भेटतात. पायात बूट घाला, गल्ल्या ओल्या असतात. पाण्याची बाटली, वही आणि बीपीचं यंत्र बरोबर असू द्या. फोटो काढायचे असतील तर आधी घरच्यांना विचारा.

अध्यक्षांच्या परवानगीने परिषदेचं पुढचं कामकाज सुरू व्हावं, अशी विनंती करते.