प्रशिक्षक बदलावा काय?

फुटबॉलचा हंगाम संपला आणि आपला संघ तळाशी राहिला की क्रीडारसिकांच्या मंडळीत एक वाद हटकून उभा राहतो. प्रशिक्षकाला काढावे की ठेवावे? चहाच्या हॉटेलात, बसस्थानकावर, महाविद्यालयाच्या आवारात हा वाद रंगतो. त्यात आवेश पुष्कळ असतो आणि प्रेमही पुष्कळ असते; कारण ज्या संघाविषयी काही वाटतच नाही, त्याच्या प्रशिक्षकावरून कोण भांडेल? तथापि हा वाद बहुधा अपुऱ्या प्रश्नावर चालतो आणि त्याचे मोल अखेर रसिकांनाच द्यावे लागते, असे मला वाटते. तेलंगणातील फुटबॉलप्रेमींना ते अलीकडेच द्यावे लागले आहे. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू.

आपल्या आदिलाबादकडे, तसेच पैनगंगेपलीकडे यवतमाळ-नांदेडच्या बाजूस, पाडव्याला सालगडी ठरविण्याची चाल आहे. कापसाचे पीक बुडाले म्हणजे कित्येक मालक पुढच्या पाडव्याला जुना गडी काढतात आणि नवा ठेवतात. गडी खरोखरच कामचुकार असेल तर ते योग्यच होय. परंतु कित्येकदा बी हलके निघालेले असते, खताला वेळेवर पैसा मिळालेला नसतो, बांधबंदिस्तीकडे मालकाने वर्षानुवर्षे पाहिलेले नसते. अशा वेळी गडी बदलतो. शेत मात्र तेच राहते. फुटबॉलच्या प्रशिक्षकाची नेमणूक आणि हकालपट्टी पाहताना या सालगड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

प्रथम दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकून घेऊ. प्रशिक्षक बदला म्हणणारे सांगतात की, मैदानावर अकरा कोण उतरणार, कोणत्या रचनेने खेळणार, कोणाला केव्हा बदलावयाचे हे सारे एकच मनुष्य ठरवितो. तेव्हा जबाबदारीही त्याचीच. शिवाय हंगामाच्या मध्यावर वीस-पंचवीस खेळाडू बदलता येत नाहीत, एक प्रशिक्षक बदलता येतो. दुसरा पक्ष म्हणतो की, खेळाडूंना एकमेकांची सवय लागावयास आणि प्रशिक्षकाचे मनोगत त्यांच्या पायांत उतरावयास दोन-तीन वर्षे लागतातच. दरवर्षी रोप उपटून मुळे पाहणाऱ्याला फळ कसे मिळणार? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच केवळ तर्काने हा वाद मिटत नाही. प्रत्यक्ष इतिहासाकडे वळावे लागते. आणि सुदैवाने तो इतिहास आपल्या घरचाच आहे.

आदिलाबाद जिल्हा ज्या काळी हैदराबाद संस्थानात होता, त्या काळी म्हणजे १९४३ मध्ये, हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाची जबाबदारी सय्यद अब्दुल रहीम या गृहस्थांकडे आली. रहीमसाहेब पेशाने शाळाशिक्षक. उस्मानिया विद्यापीठात शिकलेल्या या शिक्षकाने शाळेतील शिस्त मैदानावर नेली. त्यांनी केवळ डाव्या, म्हणजे दुबळ्या पायानेच खेळावयाचे सामने भरविले. चेंडू पायाशी घोळवीत न बसता लगेच दुसऱ्याकडे द्यावयाचा, अशा नियमाच्याही स्पर्धा घेतल्या. त्याचे फळ मुंबईच्या रसिकांनी डोळ्यांनी पाहिले. कूपरेज मैदानावरील रोव्हर्स चषक हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वर्षे जिंकला.

हेच रहीमसाहेब भारतीय संघाचे मार्गदर्शक झाले आणि १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा धुव्वा उडविला. आपले अनेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. आजच्या काळी असा पराभव झाला असता, तर प्रशिक्षकाचे नाव दुसऱ्या दिवशी पुसले गेले असते. त्या वेळी मात्र पराभवाचे कारण शोधले गेले आणि यापुढे बूट घालूनच खेळावे असा दंडक झाला. मधल्या काळात इतरांनीही भारतीय संघाचे काम पाहिले. परंतु रहीमसाहेबांना दार बंद झाले नाही. १९५६ मध्ये मेलबर्नला तेच संघासोबत होते. तेथे ऑस्ट्रेलियाचा ४–२ असा पराभव झाला, त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसोझा यांचे. आणि भारत ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

यापुढचा भाग आपल्या वादाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारत हंगेरीकडून आणि पेरूकडून हरला, फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली आणि संघ आपल्या गटात शेवटचा राहिला. निकालाचा कागद तेवढा पाहणाऱ्याला हे अपयशच दिसेल. परंतु ज्यांना खेळ कळतो त्यांना त्या बरोबरीतच उद्याची आशा दिसली असेल. प्रशिक्षक बदलला नाही. दोनच वर्षांनी जकार्ता येथे पहिला सामना दक्षिण कोरियाशी झाला आणि तो भारत ०–२ असा हरला. पुढे ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाला भारताने २–१ असे नमविले. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा जर्नैल सिंग यांचा. जर्नैल सिंग मूळचे बचावपटू. डोक्याला जखम झालेली असताना रहीमसाहेबांनी त्यांना आघाडीवर खेळविले. एवढा धाडसी निर्णय तोच घेऊ शकतो, ज्याला आपल्या खेळाडूंची वर्षानुवर्षांची ओळख आहे आणि ज्याच्या मानेवर उद्याच्या हकालपट्टीची टांगती तलवार नाही. रहीमसाहेबांना त्या वेळी कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारताला मिळालेले नाही.

आता जुन्या काळातून आजच्या व्यावसायिक फुटबॉलकडे येऊ. येथे पुणे आणि हैदराबाद या दोन शहरांची कथा एकमेकींत गुंतली आहे. इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ पासून पाच हंगाम खेळला आणि प्रत्येक हंगामाला त्याने नवा प्रशिक्षक आणला. इटलीचे कोलोम्बा गेले, इंग्लंडचे प्लॅट आले; ते गेले, स्पेनचे हबास आले; मग सर्बियाचे पोपोविच. पोपोविच यांच्या २०१७–१८ च्या हंगामात पुण्याने प्रथमच उपांत्य फेरी गाठली. तरी पुढच्या हंगामात प्रशिक्षक पुन्हा नवाच. तो नवा प्रशिक्षक तीन सामन्यांनंतर गेला आणि हंगाम संपण्यापूर्वी इंग्लंडचे फिल ब्राऊन आले. २०१९ मध्ये आर्थिक अडचणींत तो संघच बंद पडला आणि त्याची जागा हैदराबाद एफसी या नव्या संघाला मिळाली.

फिल ब्राऊनही हैदराबादला आले. पहिल्या हंगामात अठरा सामन्यांत केवळ दोन विजय मिळाले, संघ दहांत दहावा राहिला आणि जानेवारी २०२० मध्येच ब्राऊन यांना जावे लागले. तेव्हा आपल्याकडील रसिकांनी बदलाची मागणी केली असेल तर ती गैर नव्हती; कारण त्यानंतर आलेले स्पेनचे मानोलो मार्केझ यांनी संघाचे रूपच पालटले. बदल नेहमीच वाईट असतो असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. पण गोष्ट येथे संपत नाही. मार्केझ यांच्या पहिल्या हंगामात संघ पाचवा आला, उपांत्य फेरी थोडक्यात हुकली. या निराशेनंतर मात्र प्रशिक्षकाला ठेवले गेले, तरुण भारतीय खेळाडूंवर त्यांचा विश्वास होता तो तसाच राहू दिला गेला. २० मार्च २०२२ रोजी गोव्यात फातोर्डा येथे केरळ ब्लास्टर्सशी अंतिम सामना १–१ असा बरोबरीत सुटला. बरोबरीचा गोल गोव्याच्याच साहिल तावोरा यांचा. आणि पेनल्टींत गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी तीन फटके अडवून चषक हैदराबादला आणला. पुढच्या हंगामातही साखळीत संघ दुसरा होता.

आणि मग ऱ्हास सुरू झाला. २०२३ मध्ये मार्केझ गोव्याच्या संघाकडे गेले. क्लबने खेळाडूंची देणी थकविली. जागतिक संघटनेने नवे खेळाडू घेण्यास मनाई केली. बहुतेक परदेशी खेळाडू आणि अनेक चांगले भारतीय खेळाडूही निघून गेले. २०२३–२४ च्या हंगामात बावीस सामन्यांत एक विजय आणि आठ गुण, एवढीच कमाई झाली. थांगबोई सिंगटो हे त्या वेळी प्रशिक्षक होते. त्यांच्याजवळ उरली होती ती बहुतांशी कोवळी मुले. अशा स्थितीत डावपेचांवर वाद घालणे म्हणजे बी-भरण न देता गड्याला पिकाचा जाब विचारण्यासारखे होय. तरीही वाद झाला, डिसेंबर २०२४ मध्ये सिंगटोही गेले, आणि संघ पुन्हा तळाजवळच राहिला. अखेर मालकी बदललेला हा संघ ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीस नेण्यात आला. त्याचे नावही बदलले. पुणेकरांनी जे २०१९ मध्ये सोसले तेच हैदराबादकरांच्या वाट्याला आले. प्रशिक्षक कोण असावा हे ठरविता ठरविता, वाद घालावयास संघच उरला नाही.

याच मार्केझ यांची दुसरी कथाही बोधप्रद आहे. त्यांच्या आधी इगोर स्टिमॅक यांना भारतीय संघासाठी २०१९ पासून पाच वर्षे मिळाली होती. तरी विश्वचषकाच्या पात्रतेची तिसरी फेरी गाठता आली नाही आणि जून २०२४ मध्ये त्यांना काढण्यात आले. नुसता वेळ दिला की फळ येतेच असे नाही, हेही यावरून दिसते. मग मार्केझ आले. पण गोव्याच्या संघाचे काम सांभाळून. २०२५ च्या मे महिन्यात गोव्याने त्यांच्या हाताखाली सुपर कप जिंकला आणि जूनमध्ये भारत हाँगकाँगकडून ०–१ असा हरला. भारताच्या आठ सामन्यांत त्यांना एकच विजय मिळाला. मनुष्य तोच, ज्ञान तेच, वर्षही तेच. क्लबात खेळाडू रोज त्यांच्या हाताखाली होते. राष्ट्रीय संघात ते काही दिवसांपुरतेच एकत्र येत. ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. मुंबई एफसी हा एकच संघ त्यांनी सुमारे सात वर्षे सांभाळला होता, आणि २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या लहान संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. तरीही ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरकडून १–२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशिया चषकाचा मार्ग बंद झाला. एका वर्षाच्या आत दोन प्रशिक्षक झाले. दुखणे मात्र जागच्या जागी राहिले.

यावरून रसिकांनी काय घ्यावे? माझ्या मते, प्रशिक्षकाला काढा अशी आरोळी ठोकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, त्याला कोणते खेळाडू मिळाले आणि ते त्याने निवडले होते काय? दुसरा, खेळाडूंचा व प्रशिक्षकाचा पगार वेळेवर झाला काय? तिसरा, हंगामाच्या शेवटी संघ आरंभापेक्षा बरा खेळत होता की वाईट? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असून संघ उत्तरोत्तर खालावत असेल, तर प्रशिक्षक अवश्य बदलावा. त्यात संकोच नको. पण पहिल्या दोन प्रश्नांतच गाडी अडली असेल, तर आपला रोख प्रशिक्षकाकडून मालकाकडे आणि संघटनेकडे वळला पाहिजे. प्रशिक्षक बाकावर दिसतो, शिट्टी वाजली की कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो. हिशेबाच्या वह्या कोणाला दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याविषयी विचारणे, हेच जाणत्या रसिकाचे काम आहे.

आणि हे काम करावयास मोठे शहर किंवा मोठे क्रीडांगण असावे लागत नाही. आपल्या गावातील शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा भरलेली आहे काय, त्याच्या तासाला गणिताचा तास तर घेतला जात नाही ना, मुलांना चेंडू आणि मैदान मिळते काय, हे प्रश्न आदिलाबादच्या पालकांनी उद्याच विचारावयास हरकत नाही. रहीमसाहेब आकाशातून पडले नव्हते; ते एका शाळेतून आले होते. हैदराबादचा क्लब दिल्लीला गेला, तो आपण अडवू शकलो नाही. शाळेचे मैदान मात्र कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही. ते राखणे आपल्या हाती आहे.