घरच्या गॅरेजमधील मिग वेल्डिंग
मिग वेल्डिंगमध्ये टॉर्चचा खटका दाबताच तार आपोआप पुढे सरकते. म्हणून नवशिक्यास हे तंत्र सुलभ वाटते. घरच्या गॅरेजमध्ये खरा पेच असतो तो हवेचा. वितळत्या धातूवरील कार्बन डायऑक्साइडचे वा आर्गॉनमिश्रित वायूचे आवरण वाऱ्याच्या झुळुकीनेही विस्कटते आणि सांध्यात छिद्रे पडतात. साहजिकच दार लावून घेण्याचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो! कोंदट जागेत तोच वायू साचून श्वास कोंडतो. दार उघडेच ठेवावे. वाऱ्याच्या बाजूस, कामापुरता, न पेटणारा आडोसा उभारावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यापासून तर नवशिक्याने दूरच राहावे. त्याच्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पहिला सराव २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी तुकड्यांवर, ०.८ मिलिमीटरच्या तारेने करावा.